रविवारी गाठी मोजणारा डॉक्टर

ठाण्याच्या एका ताईंनी विचारलंय: मुलगी एस. वाय. बी.एस्सी. बायोटेकला आहे, पुढे स्टेम सेलमध्येच काम करायचं म्हणते. या क्षेत्राचा पाया ज्याने घातला त्या माणसाने आयुष्यभर नेमकं केलं काय, रोज कामावर जाऊन तो काय करायचा, हे कुणी आतल्या माणसाने सांगावं. शेवटी एक ओळ जोडली आहे: सासूबाईंच्या गुडघ्यात स्टेम सेल टाकायचे दीड लाख सांगितलेत, टाकावेत का?

ताई, गुडघ्याचं शेवटी सांगते. आधी अर्नेस्ट मॅककुलक या कॅनडातल्या डॉक्टरचं वाचलंत की ते उत्तर निम्मं तुमचं तुम्हालाच सुचेल.

आधी माझी ओळख. नवी मुंबईत बोन मॅरो ट्रान्सप्लांटच्या प्रयोगशाळेत मला १९ वर्षं झाली. मी डॉक्टर नाही. पेशी मोजायच्या, गोठवायच्या, लागतील तेव्हा वितळवून वेळेवर वॉर्डात पोचवायच्या, हे माझं काम. कळव्याहून ठाण्याला यायचं आणि ट्रान्सहार्बरची पनवेल गाडी धरायची, हा रोजचा रस्ता. तुमच्यासारखे प्रश्न मला याच गाडीत जास्त विचारले जातात, कारण गळ्यातलं आयकार्ड काढायचं राहून गेलेलं असतं.

स्टेम सेलचा, म्हणजे ज्यांतून बाकीच्या पेशी तयार होतात त्या मूळ पेशींचा, मोठा माणूस म्हटलं की बहुतेक जण शिन्या यामानाकांचं नाव घेतात. त्यांची गोष्ट आहेच तशी. ओसाकाकडचे, वडिलांचा शिलाई मशीनचे सुटे भाग बनवायचा छोटा कारखाना. हे हाडांचे डॉक्टर झाले, पण इतरांना दहा मिनिटं लागणाऱ्या ऑपरेशनला तास लावायचे. सीनियर त्यांना ‘जामानाका’ म्हणून चिडवायचे. जपानीत ‘जामा’ म्हणजे अडचण. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत उंदरांचं कोलेस्टेरॉल कमी करायला गेले, तर उंदीर सांभाळणारी सहकारी एक दिवस म्हणाली, तुमचे उंदीर गाभण दिसताहेत, पण ते नर आहेत. लिव्हरच्या कॅन्सरने पोटं फुगली होती. त्या फसलेल्या प्रयोगाचा धागा धरत ते स्टेम सेलकडे आले. २००६ मध्ये चार जीन्स घालून त्यांनी उंदराची साधी पेशी पुन्हा भ्रूणातल्या पेशीसारखी करून दाखवली आणि २०१२ मध्ये जॉन गर्डन यांच्यासोबत नोबेल मिळालं.

पण लेकीला एवढंच सांगितलंत तर तिला वाटेल की या कामात एक दिवस चमत्कार होतो आणि स्टॉकहोमहून फोन येतो. मला १९ वर्षांत आलेले फोन वॉर्डातून आलेत, ‘मॅडम, बॅग निघाली का?’ असे. म्हणून मी ज्याचं नाव सहसा कुणी घेत नाही त्याच्याबद्दल सांगणार आहे, कारण माझ्या टेबलावरचं निम्मं काम त्याच्यापासून सुरू झालं.

अर्नेस्ट मॅककुलक. जन्म १९२६, कॅनडातल्या टोरोंटोचं सुखवस्तू घर. १९४८ मध्ये तिथल्याच विद्यापीठातून डॉक्टर झाले, काही वर्षं रुग्ण पाहिले, रक्ताच्या आजारांकडे ओढ होती. त्या काळात ल्युकेमियाचं, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचं मूल दाखल झालं की डॉक्टरच्या हातात आईवडिलांची समजूत काढण्यापलीकडे फार काही नसे. १९५७ मध्ये ते नव्याने उभ्या राहणाऱ्या ऑन्टारिओ कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये संशोधनाला गेले. तिथे त्यांची गाठ जेम्स टिल यांच्याशी पडली.

टिल पाच वर्षांनी धाकटे, सस्कॅचवानच्या शेतीवाडीतले आणि शिक्षणाने फिजिक्सचे. त्यांचे गुरू हॅरॉल्ड जॉन्स, म्हणजे कोबाल्ट-६० ने कॅन्सरवर उपचार करण्याचं तंत्र ज्यांनी पहिल्यांदा बसवलं त्यांच्यातले एक. आपल्याकडचे पेशंट ज्याला ‘शेक’ म्हणतात तेच हे. (भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेलं भाभाट्रॉन हे कोबाल्टचं मशीन पहिल्यांदा बसलं ते आपल्या खारघरला, टाटा हॉस्पिटलच्या ॲक्ट्रेक या कॅन्सर संशोधन केंद्रात, २००५ साली. पनवेल गाडीने जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल कोण जाणे.) मॅककुलक बुटके, अंगाने भरलेले, कपड्यांकडे लक्ष नाही, डोक्यात एका वेळी दहा कल्पना. टिल उंच, सडपातळ, मोजूनमापून बोलणारे. दोघांचं जमलं, आणि पुढे पेपरवर नाव कुणाचं आधी यावरून कधी वाजलं नाही. हे वाचून तुमची मुलगी खांदे उडवेल, पीएच.डी.ला लागली की कळेल ही केवढी गोष्ट आहे ते.

आता प्रयोग. इथे जरा थांबते, कारण कारकीर्द म्हणतात ती या एका प्रयोगाच्या पोटात आहे.

तो काळ अणुबॉम्बच्या धाकाचा. किरणांचा मोठा डोस बसला की माणूस काही दिवसांनी रक्त संपून मरतो, कारण हाडांतला मगज, म्हणजे बोन मॅरो जळतो, एवढं माहीत होतं. दुसऱ्याचा मॅरो दिला की तसा उंदीर वाचतो, हेही माहीत होतं. पण किती मॅरो द्यायचा? आणि मॅरोच्या पेशी किरणांना किती नाजूक? टिल आणि मॅककुलक हे मोजायला बसले होते. स्टेम सेल शोधायला ते निघालेच नव्हते. उंदरांना मरणाचा डोस द्यायचा, मग शेपटीच्या शिरेतून मॅरोच्या पेशी टोचायच्या, कुणाला कमी, कुणाला जास्त, आणि महिन्याभराने कोण जगलं ते मोजायचं. कंटाळवाणं काम. महिनाभर थांबायचं आणि हाती काय, तर जिवंत किंवा मेलेला.

मॅककुलकना महिनाभर थांबवेना. एका रविवारी ते प्रयोगशाळेत गेले आणि दहाएक दिवस झालेले उंदीर उघडून पाहिले. प्लीहेवर, म्हणजे स्प्लीनवर, बारीक गाठी उठलेल्या होत्या. तशा गाठी त्याआधी कुणाला दिसल्याच नसतील असं नाही. पाहणारा ‘सूज असेल’ म्हणून पुढे गेला असता. मॅककुलकनी त्या मोजल्या. किती पेशी टोचल्या आणि किती गाठी आल्या हे आलेखाच्या कागदावर मांडलं आणि सोमवारी तो कागद घेऊन टिलपुढे उभे राहिले.

रेघ सरळ होती. साधारण दहा हजार पेशी टोचल्या की एक गाठ. वीस हजारला दोन, चाळीस हजारला चार.

यात एवढं काय, असं वाटेल. पण बघा. गाठ व्हायला दोन पेशी एकत्र याव्या लागत असत्या, तर पेशी दुप्पट केल्यावर गाठी चौपट व्हायला हव्या होत्या. रेघ वर वाकली असती. ती सरळ आली याचा अर्थ एक गाठ एका पेशीतून उगवते. दहा हजार दाणे उधळले तर त्यातला एक रुजतो, पण रुजतो तो असा की त्या एका गाठीत लाल पेशी तयार होताहेत, पांढऱ्या होताहेत, प्लेटलेट बनवणाऱ्या मोठ्या पेशीही आहेत. अशी एखादी मूळ पेशी असावी असा अंदाज पन्नासेक वर्षं चालत आला होता. मॅक्सिमॉव्ह नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तसं मांडलं होतं. अंदाज होता, वाद होते, मोजमाप नव्हतं. ते या रविवारपासून आलं. १९६१ मध्ये पेपर छापून आला तो किरणोत्साराच्या एका नियतकालिकात, आणि शीर्षकात स्टेम सेल हा शब्द नाही. मॅरोच्या पेशी किरणांना किती नाजूक याची थेट मोजणी, असं रुक्ष नाव. रक्ताच्या डॉक्टरांनी तो लगेच उचलून धरला असंही झालं नाही.

रविवारचं म्हणाल तर आमच्याकडेही तेच. गोठवलेल्या स्टेम सेल अजून जिवंत आहेत का, हे बघायची जुनी खात्रीची रीत म्हणजे डिशमध्ये गाठी उगवून दाखवणं. त्यांना आम्ही कॉलनी म्हणतो. उंदराच्या प्लीहेची जागा बोटाच्या दोन पेरांएवढ्या डिशने घेतली, बाकी हिशेब तोच. पेशी मिथाइलसेल्युलोजमध्ये कालवायच्या. ते मधासारखं घट्ट, पिपेटने नीट ओढलं जात नाही, म्हणून बोथट जाड सुई लावलेल्या सिरिंजने घ्यायचं. बुडबुडे आले तर ते बसेपर्यंत थांबायचं. डिशशेजारी पाण्याची उघडी वाटी ठेवायची, नाहीतर दोन आठवड्यांत सगळं वाळतं. मग ३७ अंशांवर, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये १४ दिवस. चौदाव्या दिवशी मायक्रोस्कोपखाली घ्यायची. लाल पेशींची कॉलनी डाळिंबाचे दाणे फुटून चिकटल्यासारखी तांबूस, घट्ट. पांढऱ्या पेशींची विस्कटलेल्या रांगोळीसारखी, कडेला ठिपके सांडलेले. एका हाताने स्टेज सरकवायचं, दुसऱ्या हातात काउंटर, टिक टिक. गप्पा मारत हे होत नाही.

सुरुवातीच्या वर्षी मी दोन पेशंटच्या डिशवरचं लेबल झाकणावर लिहिलं. स्पिरिटने पुसताना दोन्ही झाकणं निघाली आणि परत कुठलं कुठे बसलं ते सांगता येईना. चौदा दिवस वाया. पेशी राखीव नमुन्यात होत्या म्हणून पुन्हा लावता आल्या, पण सीनियर बाई आल्या, झाकण उचलून माझ्यापुढे धरलं आणि म्हणाल्या, ‘हे फिरतं. डिश फिरत नाही.’ तेव्हापासून डिशच्या कडेला लिहिते, आणि नवीन मुलगी आली की पहिल्या दिवशी तिच्यासमोर झाकण उचलून धरते.

एक वर्ष गणपती यायच्या तीन-चार दिवस आधी डिश लावली होती, तिचा चौदावा दिवस नेमका अनंत चतुर्दशीला आला. घरी सासऱ्यांनी दोनदा विचारलं, ‘आजच मोजायला पाहिजे का?’ पाहिजेच. पंधराव्या दिवशी कॉलन्या एकमेकींत पसरतात आणि सात की नऊ हे छातीठोक सांगता येत नाही. मी परत येईपर्यंत कळव्याच्या खाडीवर बाप्पा गेले होते.

परत टोरोंटोकडे. सरळ रेघेवर कुणी म्हणू शकलं असतं की दोन पेशी चिकटून गेल्या असतील, तुम्हाला एक वाटली. अँडी बेकर नावाच्या विद्यार्थ्याने त्याची सोय केली. मॅरोच्या पेशींना थोडे किरण दिले की क्रोमोसोम तुटून वेडेवाकडे जोडले जातात, प्रत्येक पेशीत वेगळ्या पद्धतीने. अशा पेशी टोचल्या, गाठी आल्यावर आतल्या पेशी बघितल्या, तर काही गाठींत एकच वेडावाकडा क्रोमोसोम पेशीपेशीत सापडला. आजोबांचं वाकडं नाक अख्ख्या घराण्यात दिसावं तसं. म्हणजे मूळ पुरुष एकच. हे १९६३ मध्ये ‘नेचर’मध्ये आलं.

त्याच वर्षी लू सिमिनोविच या सहकाऱ्यासोबत पुढची पायरी. एक गाठ काढायची, तिच्या पेशी सुट्या करायच्या, दुसऱ्या उंदराला टोचायच्या. पुन्हा गाठी. म्हणजे ती मूळ पेशी पोरंबाळं करून संपत नाही, स्वतःसारख्याही काही मागे ठेवते. गंमत अशी की काही गाठींतून ढीगभर नव्या गाठी येत, काहींतून एकही नाही, आणि यात कसला नियम दिसेना. दुसऱ्या कुणी प्रयोग बिघडला म्हणून सोडून दिलं असतं. यांनी १९६४ मध्ये मांडलं की नियम नसणं हाच इथला नियम: एकेका पेशीने स्वतःसारखी व्हायचं की पुढे जायचं हे कवड्या टाकल्यासारखं ठरतं, मात्र हजारो पेशींचा मिळून हिशेब पक्का लागतो. कॉम्प्युटरवर तसा खेळ मांडून त्यांनी तो प्रयोगातल्या आकड्यांशी ताडून पाहिला. १९६४ साली!

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, नाहीतर लेकीचे प्राध्यापक सांगतील आणि मी लपवलं असं होईल. त्या आठ-दहा दिवसांच्या गाठी ज्यांतून उगवल्या, त्या बहुतांशी खऱ्या दीर्घायुषी स्टेम सेल नव्हत्याच. त्यांच्या एकदोन पिढ्या पुढच्या होत्या. लवकर येणाऱ्या गाठी काही दिवसांत विरतात आणि त्यांच्या जागी दुसऱ्या येतात, हे १९८२ मध्ये दाखवलं गेलं. दाखवणाऱ्यांत होते नॉर्मन इस्कोव्ह, टिल-मॅककुलकच्याच तालमीत शिकून गेलेले. या इस्कोव्हच्या नावाचं गुलाबी मिडियम, म्हणजे पेशी वाढवायचं द्रावण, आमच्या फ्रिजमध्ये कायम असतं. गुरूंची मोजणी चुकली नव्हती. त्यांनी ज्याला जे नाव दिलं ते थोडं पुढेमागे झालं, एवढंच. आणि तसंही १९६१ मध्ये त्यांनी ‘गाठ उगवणारी पेशी’ इतकंच म्हटलं होतं.

मला या माणसाचं हेच पटतं. स्टेम सेल दिसण्यावरून ओळखू येत नाही. मायक्रोस्कोपखाली ती लिम्फोसाइट या साध्या पांढऱ्या पेशीसारखी छोटी, गोल, बिनचेहऱ्याची असते. तिने काय करून दाखवलं त्यावरूनच तिला ते नाव द्यायचं, हे मॅककुलक आणि टिल यांनी घालून दिलं. आज आम्ही फ्लो सायटोमीटर या पेशी एकेक करून तपासणाऱ्या मशीनवर सीडी३४ हा पेशीवरचा बिल्ला मोजतो, तासाभरात आकडा येतो, चौदा दिवस थांबावं लागत नाही. पण बिल्ला म्हणजे पेशी नव्हे. गोठवून वितळवलेल्या पेशीवर बिल्ला शाबूत आणि आत जीव नाही, असं आम्ही पाहिलंय. म्हणून डिश अजून लावतो.

मोजल्या-जुळवल्यावाचून काय होतं, त्याचंही उदाहरण त्याच काळात आहे. अमेरिकेत डॉनल थॉमस यांनी १९५७ मध्ये सहा रुग्णांना दुसऱ्यांचा मॅरो दिल्याचं छापलं. सहापैकी कुणी १०० दिवसांपुढे जगलं नाही. दाता आणि पेशंट यांचं एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा, जुळवणं तेव्हा माहीतच नव्हतं. थॉमस मागे हटले, कुत्र्यांवर वर्षानुवर्षं काम केलं, सिएटलला गेले, आणि १९९० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांच्याकडे शिकायला मुंबईहून गेले डॉ. सुरेश अडवाणी. लहानपणी पोलिओ झालेले, व्हीलचेअरवरचे डॉक्टर. १९८३ मध्ये परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये त्यांनी भारतातला पहिला यशस्वी बोन मॅरो ट्रान्सप्लांट केला. टाटाचं ते युनिट पुढे खारघरला आलं. टोरोंटोची मोजणी आणि सिएटलचा उपचार हे दोन ओहोळ असे इथवर येऊन मिळतात.

तिसरा ऑस्ट्रेलियातून आला. मेलबर्नच्या डोनल्ड मेटकाफ यांनी रे ब्रॅडली यांच्यासोबत १९६६ मध्ये उंदराबाहेर, डिशमध्ये कॉलनी उगवायची रीत दिली आणि मग कॉलनी वाढवणारे घटक शोधण्यात हयात घालवली. त्यातला जी-सीएसएफ आज आम्ही दात्याला चार-पाच दिवस टोचतो, तेव्हा मॅरोतल्या स्टेम सेल रक्तात उतरतात. मग दंडातून रक्त मशीनमध्ये फिरवायचं, चारेक तास, आणि पिशवीत त्या गोळा होतात. हाडाला सुई लावावी लागत नाही. पेशंटच्या वजनामागे, दर किलोला किमान २० लाख सीडी३४ पेशी हव्यात. साठ किलोच्या माणसाला १२ कोटी. माझा आकडा चुकला तर डॉक्टर किमो देऊन त्याचा स्वतःचा मॅरो पुसून टाकतील आणि वर द्यायला पुरेसं काही नसेल. हा विचार मी रोज करत नाही, केला तर हात थरथरेल.

पिशवी डीएमएसओ, म्हणजे गोठताना पेशी फुटू नयेत म्हणून घालायचं रसायन, घालून द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर जाते. द्यायच्या दिवशी पलंगाशेजारी कोमट पाण्यात वितळवतो आणि लगेच चढवतो, कारण उबेत डीएमएसओ पेशींना मारतो. पेशंटच्या श्वासाला त्याचा वास येतो, खोलीभर. कुणी लसूण म्हणतं, कुणी उकडलेला मका. एका आजींनी मला विचारलं होतं, ‘बाई, स्वयंपाक कुठे चाललाय?’ मग वाट बघायची. रक्तपेशींचे आकडे, म्हणजे काउंट, वर येईपर्यंत दहा-बारा दिवस नातेवाईक एकच विचारतात: ‘काउंट आले का?’ ते आले की वॉर्डात पेढे येतात. प्रयोगशाळेपर्यंत क्वचितच पोचतात.

मॅककुलकचं पुढे काय झालं? काही सनसनाटी झालं नाही. ते ल्युकेमियाकडे वळले, रक्ताच्या कॅन्सरमध्येही असाच एक मूळ पेशींचा गट असतो का यावर वर्षानुवर्षं काम केलं, विद्यार्थी घडवले. टिल नंतर कॅन्सरच्या रुग्णाचं जगणं कसं मोजायचं, रुग्ण इंटरनेटवर काय शोधतात, अशा विषयांकडे गेले. दोघांना २००५ मध्ये वैद्यकशास्त्रातला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला, पेपरनंतर ४४ वर्षांनी. नोबेल मिळालं नाही. मॅककुलक जानेवारी २०११ मध्ये गेले. पण त्यांच्याकडे शिकलेल्यांची नावं बघा: टी-सेल या रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीवरचा रिसेप्टर शोधणारे टाक माक तिथले. कॉनी ईव्ह्स तिथे शिकल्या आणि व्हँकुव्हरला जाऊन त्यांनी पती ॲलन ईव्ह्स यांच्यासोबत संशोधनाची प्रयोगशाळा उभी केली. १९९३ मध्ये ॲलन यांनी स्टेमसेल टेक्नॉलॉजीज कंपनी काढली. कॉनी २०२४ मध्ये गेल्या. मी जे मिथाइलसेल्युलोज सिरिंजने ओढते, त्याच्या बाटलीवर याच कंपनीचं नाव असतं.

आता लेकीचं. एम.एस्सी. करावी, नेट ही परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप मिळवावी. २०२३ पासून जेआरएफला महिन्याला ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी ४२,००० आहेत, वर घरभाडं. पीएच.डी. पाच-सहा वर्षं खाते, हे घरात आधीच बोलून ठेवा. लग्नाचा विषय तिसऱ्या वर्षी काढू नका, तेव्हा कुणाचेच प्रयोग चालत नसतात. जवळच्या जागा म्हणजे खारघरचं ॲक्ट्रेक, परळची आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) प्रजननविषयक संस्था, पुण्याचं एनसीसीएस हे पेशीविज्ञानाचं केंद्र. लांब जायची तयारी असेल तर बेंगळुरूची इनस्टेम ही स्टेम सेलची संस्था आणि वेल्लोर. वेल्लोरला सीएमसीत (ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात) हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त गोठत नाही त्या आजाराच्या, पाच रुग्णांच्या स्वतःच्या स्टेम सेलमध्ये जीन घालून परत दिल्याचं काम २०२४ अखेरीस छापून आलं. भारतात याहून चांगली शाळा मला तरी सांगता येणार नाही. पीएच.डी. नको असेल तर माझ्यासारखं काम आहे. पगार बेताचा, पण ट्रान्सप्लांट सेंटर वाढताहेत आणि हात बसलेली माणसं कमी आहेत. आपल्याच जिल्ह्यात उल्हासनगरच्या सिंधी कुटुंबांत थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्ताच्या आजाराचे वाहक जास्त, त्यामुळे भावा-बहिणीचा मॅरो जुळवून दिलेली मुलं आम्ही नेहमी पाहतो. सख्ख्या भावंडाशी जुळायची शक्यता चारात एक.

तिचा कल तपासायचा असेल तर मार्क बघू नका. सुट्टीत कुठल्याही प्रयोगशाळेत दोन महिने काम करू द्या आणि घरी आल्यावर विचारा, आज काय मोजलंस? सांगताना डोळे चमकले तर पाठवा. ‘आज काहीच झालं नाही, नुसतं मोजत बसले’ असं वैतागून म्हणाली तर तिला बायोटेकमध्ये दुसरं पुष्कळ आहे.

आणि सासूबाईंचा गुडघा. ‘स्टेम सेल टाकतो’ म्हणणाऱ्याला विचारा: कुठल्या पेशी, कुठून काढलेल्या, किती, त्यातल्या जिवंत किती, आणि हे कुणी मोजलं? पुष्कळ ठिकाणी हातातून रक्त काढून, मशीनमध्ये फिरवून तेच परत टोचतात आणि त्याला स्टेम सेल म्हणतात. ते पीआरपी, म्हणजे प्लेटलेट. प्लेटलेटला केंद्रकच नसतं, ती कसली वाढणार. काही ठिकाणी पोटाची चरबी काढून तासाभरात गुडघ्यात घालतात; त्यात काय किती होतं याचा आकडा कुणाकडे नसतो. गुडघ्याच्या झिजेसाठी मॅरोतल्या पेशींचं औषध नियंत्रकांची मंजुरी मिळालेलं तयार उत्पादन आपल्याकडे आहे. ते देत असतील तर कुपीवर बॅच नंबर, पेशींचा आकडा आणि मुदत छापलेली असते. तिचा फोटो मागा. त्यानेही झिजलेला गुडघा नवा होत नाही, दुखणं कमी होण्याची आशा असते. आणि ‘ट्रायल चालू आहे’ म्हणाले तर सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा. आयसीएमआरच्या नियमांप्रमाणे ट्रायलमधल्या पेशंटकडून पैसे घेता येत नाहीत, मग दीड लाख कसले, हेही तिथेच विचारा.

विचारताना आवाज चढवू नका. साधं, लिहून द्या म्हणावं. दिलं तर तो कागद सासूबाईंच्या एक्स-रेबरोबर दुसऱ्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. नाही दिलं तर दीड लाख राहू द्या आणि फिजिओथेरपीची वेळ घ्या. मांडीचा स्नायू बळकट झाला की जिन्यावरचा त्रास बराच कमी होतो, माझ्या आईचा झाला.